घडीचा चाकू कुठे हरतो?

लाकूड तासल्याने चाकू खराब होतो का, असे हौशी मंडळी मला नेहमी विचारतात. त्यांच्या मनात असते ती धार. धार बोथट होते, हे खरे. पण दगडावर चार हात मारले की ती परत येते. घडीच्या चाकूचे खरे दुखणे सांध्यात असते.

स्वयंपाकघरातल्या सुरीचे पाते मुठीत खोलवर गेलेले असते. खिशातल्या चाकूचे पाते मात्र एका बारीकशा रिव्हेटवर फिरते आणि मुठीच्या पाठीतली स्प्रिंग त्याला उघडे धरून ठेवते. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनर यांनी १८९७ साली जो प्रसिद्ध ‘ऑफिसर’ चाकू काढला, त्यात एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची हत्यारे बसवली होती. रचना झकास, पण ती कापण्यासाठी, उचकटण्यासाठी नव्हे.

लाकडाच्या उभ्या रेषेने पातळ ढलपी काढताना जोर सरळ धारेवर येतो आणि पाते आपल्या जागी अधिकच घट्ट बसते. असे तासकाम सांध्याला फारसे जाचत नाही. पण पाते गाठीत रुतले की आपण काय करतो? मनगट पिळतो. सहा सेंटिमीटर लांब पात्याच्या टोकाशी दोन किलोचा आडवा जोर दिला आणि बुडाशी आधार जेमतेम एक सेंटिमीटरचा असला, तर तरफेच्या ढोबळ हिशेबाने तिथे सुमारे बारा किलोचा ताण येतो. हळूहळू भोक रुंदावते, पाते डुलू लागते. टोक दाबून भोक पाडणे तर त्याहून वाईट. पाते झपकन मिटते, आणि वाटेत आपलीच बोटे असतात! फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला १९५५ साली पाते अडकवणारे फिरते कडे आले, ते यासाठीच. त्याने मिटणे थांबते, पिळवटणे नाही.

तेव्हा गाठ आली तर पाते आले तसे मागे घ्या आणि दुसऱ्या बाजूने तासा. सुरुवातीला पांगाऱ्यासारखे मऊ लाकूड बरे. ओली बाभूळ घेतलीत तर साध्या पोलादाचे पाते काळे पडेल. तिच्यातल्या टॅनिनचा तो गुण. सांध्यात साचलेला भुसा ब्रशने काढून तेलाचा एक थेंब सोडावा. खोबरेल मात्र नको, थंडीत ते थिजते. आणि धारेसाठी दर वेळी दगड कशाला? दगड पोलाद खातो. जुन्या चामडी पट्ट्यावर, पात्याची पाठ पुढे ठेवून, आठ-दहा वेळा ओढले की बहुधा पुरते.