विश्लेषण : रडारच्या लहरी गिळणारा पातळ थर विजेवर ‘ट्यून’ कसा होतो?

रडारपासून लपायचे तर त्याने पाठवलेली लहर परत जाऊ द्यायची नाही. सूत्र सोपे, पण पातळ शोषक थर साधारणपणे एकाच वारंवारितेला दाद देतो आणि आधुनिक रडार वारंवारिता बदलत राहते. व्होल्टेज बदलून ‘ट्यून’ होणारे मेटामटेरियल शोषक हे यावरचे एक उत्तर आहे.

जुन्या शोषकांची अडचण काय?

विनफिल्ड सॅलिसबरी यांच्या शोषक पडद्याला १९५२ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. त्यात धातूच्या पृष्ठभागापुढे पाव तरंगलांबीवर विद्युतरोधाचा पातळ पडदा असतो. १० गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३ सेंटीमीटर, म्हणजे अंतर साडेसात मिलिमीटर. १ गिगाहर्ट्झला तेच साडेसात सेंटीमीटर होते. विमानाच्या पंखावर एवढी जाडी चढवणे परवडत नाही.

मेटामटेरियल वेगळे कसे?

त्याचे गुणधर्म पदार्थापेक्षा आकारावर ठरतात. विद्युतरोधक पत्र्याच्या पुढच्या बाजूला तरंगलांबीहून लहान तांब्याच्या आकृत्या ओळीने छापलेल्या असतात, मागे अखंड धातू. त्यामुळे लहर आरपार जात नाही. आकृत्यांचे माप असे ठरवतात की ठरावीक वारंवारितेला त्या पृष्ठभागाचा विद्युत अवरोध हवेइतका, म्हणजे सुमारे ३७७ ओहम होतो. मग लहर परतत नाही. आत अडकून तिची उष्णता होते. २००८ मध्ये बोस्टन कॉलेज व ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी असा शोषक दाखवला. मिलिमीटरहून पातळ असूनही ११.५ गिगाहर्ट्झजवळ त्याने ८८ टक्के शोषण केले. पण वारंवारिता थोडी सरकली, की तो निव्वळ आरशासारखा वागतो.

डायोड काय करतो?

जुन्या रेडिओची खुंटी फिरवली की आतल्या कपॅसिटरची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता बदलायची आणि दुसरे केंद्र लागायचे. येथे खुंटीचे काम व्हॅरॅक्टर डायोड करतो. तो तांब्याच्या दोन आकृत्यांमधल्या फटीत जोडलेला असतो. त्यावरचे उलटे व्होल्टेज वाढवले की धारिता घटते आणि शोषणाची वारंवारिता वर सरकते. पिन डायोड वापरला, तर तोच पृष्ठभाग कधी शोषक, कधी परावर्तक करता येतो.

त्याने बचाव किती?

परतणारी ऊर्जा ९० टक्क्यांनी घटली, तर रडारचा पल्लाही ९० टक्क्यांनी घटेल असे वाटते. तसे होत नाही. पल्ला ऊर्जेच्या चतुर्थमूळाप्रमाणे बदलतो, म्हणून तो सुमारे ५६ टक्के उरतो. १०० किलोमीटरवरून दिसणारे विमान आता ५६ किलोमीटरवरून दिसेल. ९९ टक्के शोषण झाले तरी ३२ किलोमीटर उरतातच. शोषक नेमक्या वारंवारितेवर नसेल, तर हा लाभही जातो. म्हणूनच ट्यूनिंगला महत्त्व.

मग अडले कुठे?

पातळ शोषक एकाच वेळी किती रुंद पट्टा व्यापू शकेल, यावर भौतिकशास्त्राचीच मर्यादा आहे. रशियन शास्त्रज्ञ रोझानोव्ह यांनी ती २००० मध्ये गणिताने मांडली. ट्यूनिंगने अरुंद पट्टा जागा बदलतो, रुंद होत नाही. शिवाय समोरचे रडार कोणत्या वारंवारितेवर आहे हे आधी ओळखावे लागते. एक घटक १ सेंटीमीटर बाजूचा धरला, तर चौरस मीटरमागे १०,००० घटक होतात. प्रत्येकात किमान एक डायोड आणि त्यांना व्होल्टेज पुरवणारे तारांचे जाळे. ऊन, कंपने आणि पाऊस सोसत ते विमानावर टिकवणे ही प्रयोगशाळेबाहेरची खरी परीक्षा आहे.

भारतात काय सुरू आहे?

आयआयटी कानपूरने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘अनालक्ष्य’ हे कापडावर आधारित मेटामटेरियल आवरण सादर केले. त्याचा भर रुंद पट्ट्यातील रडारलहरी शोषण्यावर आहे. रुंद पट्टा की हवा तिथे सरकणारा अरुंद पट्टा, हे दोन वेगळे मार्ग आहेत. रडार जितक्या चपळाईने वारंवारिता बदलेल, तितकी दुसऱ्या मार्गाची गरज वाढेल. आणि तितकाच तो अवघडही होईल.