डायनोसॉरांच्या झुंजी

डायनोसॉरांच्या झुंजी : मध्यजीव महाकल्पात (सु. २५.२ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात) वावरलेल्या प्रचंड सरीसृपांमध्ये झालेल्या वा होऊ शकल्या असत्या अशा लढतींचा विचार जीवाश्मांच्या आधारे करता येतो. चित्रपटांत कोणताही डायनोसॉर कोणाशीही झुंजताना दाखवितात. परंतु काळ व स्थळ एक असल्याशिवाय झुंज संभवत नाही. स्टेगोसॉरस व टिरॅनोसॉरस यांच्यात सु. ८ कोटी वर्षांचे अंतर आहे. काळाच्या दृष्टीने टिरॅनोसॉरस स्टेगोसॉरसापेक्षा माणसालाच अधिक जवळचा होय. तसेच टिरॅनोसॉरस उत्तर अमेरिकेत होता, तर त्याच सुमाराचा राजासॉरस तेव्हा आशियापासून अलग असलेल्या भारतीय भूखंडावर होता.

नंदुरबार जिल्ह्याच्या परिसरात अशी झुंज कोणामध्ये झाली असती, या प्रश्नास तेथील खडक उत्तर देत नाहीत. तोरणमाळचे पठार व त्याभोवतीचा सातपुडा दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाचा आहे, तर तापीकाठी जलोढ आहे. भेगांत लाव्हा थिजून झालेल्या लांबच लांब भित्ती नंदुरबार व धुळे जिल्ह्यांत विपुल आढळतात. तप्त लाव्ह्यात सांगाडे टिकत नाहीत. ते लाव्ह्याखालच्या लॅमेटा मालेच्या नदी-सरोवरांतील गाळात सापडतात. त्यामुळे शेजारच्या प्रदेशांतील पुराव्यावर विसंबावे लागते. ईशान्येस मध्य प्रदेशाच्या धार जिल्ह्यात टिटॅनोसॉरांची ९२ घरटी व २५६ अंडी आढळल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तरेस सु. २०० किमी.वरील गुजरातमधील राहिओली येथे राजासॉरस नर्मदेन्सिस या मांसाहारी डायनोसॉराची हाडे मिळाली. त्याचे वर्णन २००३ मध्ये झाले व जातिनाम नर्मदेवरून देण्यात आले.

राजासॉरसाची लांबी निरनिराळ्या अंदाजांनुसार सु. ६.५ ते ९ मी. होती व डोक्यावर एक आखूड शिंग होते. हे शिंग शत्रूस भोसकण्याच्या उपयोगाचे दिसत नाही. त्याचा उपयोग स्वजातीयांत प्रदर्शनासाठी किंवा टकरीसाठी होत असावा. त्याच्यासमोर चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे मिळालेला आयसिसॉरस हा शाकाहारी टिटॅनोसॉर कल्पिला, तर सु. १८ मी. लांबीच्या या प्राण्याचे केवळ वजनच मोठे संरक्षण ठरते. आजचे सिंहही धडधाकट हत्तीच्या वाटेस सहसा जात नाहीत. तेव्हा राजासॉरसाचे भक्ष्य बहुधा पिले, आजारी जनावरे व आयती मिळालेली प्रेते हेच असावे. मादागास्करमधील त्याचा नातेवाईक मॅजुंगासॉरस याच्या दातांच्या खुणा टिटॅनोसॉरांच्या व स्वजातीयांच्याही हाडांवर आढळल्या आहेत. मात्र अशा खुणांवरून प्राणी मारून खाल्ला की मेल्यावर खाल्ला, हे सहसा ठरविता येत नाही.

चालू झुंजीचा पुरावा अतिशय दुर्मिळ. मंगोलियात १९७१ मध्ये पोलिश-मंगोलियन मोहिमेस व्हेलोसिरॅप्टर व प्रोटोसेराटॉप्स एकमेकांत गुंतलेले सापडले : एकाच्या पायाची नखी दुसऱ्याच्या मानेशी, तर त्याचा उजवा हात दुसऱ्याच्या जबड्यात. दोघेही वाळूत गाडले गेले होते.

भारतातील असा प्रसंग गुजरातमधील ढोली डुंगरी येथील आहे. त्यात महाकाय प्रतिस्पर्धी नाहीत. सु. ३.५ मी. लांबीचा सनाजे इंडिकस हा साप टिटॅनोसॉराच्या घरट्यात, चिरडलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसलेला असून जवळच सु. ५० सेंमी. लांबीच्या नवजात पिलाचे अवशेष आहेत. धनंजय मोहबे यांनी १९८४ मध्ये हा शिलाखंड गोळा केला. त्यात साप असल्याचे पुढे लक्षात आले आणि वर्णन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. या सापाचा जबडा अखंड अंडे गिळण्याइतका उघडत नसे. नुकतेच बाहेर पडलेले पिलू मात्र त्यास गिळता येई. सापाने पिलास गिळण्यापूर्वीच, बहुधा वादळी पावसात वाहून आलेल्या गाळाने साप, पिलू व अंडी एकत्रच गाडली.