सॅम्पल फ्लॅट आवडला? आता हिशेबाला बसा!

रविवारची दुपार. रावेतच्या एका साइटवरचा सॅम्पल फ्लॅट. छताला पिवळे दिवे, बाल्कनीत वेताच्या दोन खुर्च्या. ‘ही खोली बाळाची हं!’ ती म्हणते. तो लगेच मोबाइल काढतो, टोकनचे पैसे पाठवायला. सेल्सवाला सांगतोच आहे, ‘सर, ऑफर आजच्यापुरतीच!’

जरा थांबा राव! आधी घरी जा, मस्त चहा टाका आणि कागद-पेन घेऊन बसा.

समजा, बांधकाम चालू असलेल्या या फ्लॅटची किंमत आहे ७० लाख. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम मिळते, म्हणजे ५६ लाख. उरलेले १४ लाख तुमचे. पण गंमत पुढेच आहे. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. नोंदणीचे ३० हजार. जीएसटी ५ टक्क्यांनी साडेतीन लाख. झाली बेरीज? २२ लाख ७० हजार! आणि यात पार्किंग, सोसायटी मेंटेनन्स, पंखे, पडदे काहीच धरलेलं नाही. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीसाठी बँक कर्ज देईल, असं गृहीत धरू नका.

इथे दोन ठिकाणी पैसे वाचू शकतात. घर फक्त तिच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट मिळते, म्हणजे थेट ७० हजार. आणि कम्प्लिशन सर्टिफिकेट मिळालेला तयार फ्लॅट घेतला तर जीएसटी लागतच नाही.

आता हप्ता. ५६ लाख, २० वर्षं, व्याज साडेआठ टक्के धरलं तर महिन्याला साधारण ४८,६०० रुपये. दोघांचे पगार मिळून हे सहज जमतं, बरोबर? मग खरा प्रश्न विचारा. ‘बाळाच्या खोली’त खरोखरच बाळ आलं आणि वर्षभर एकच पगार राहिला, तर? किंवा दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर? एका पगारात हप्ता आणि किराणा निघत नसेल तर घर थोडं लहान घ्या, नाहीतर वर्षभर थांबा. निदान सहा महिन्यांचे हप्ते बाजूला टाकल्याशिवाय सही करू नका.

ताबा मिळेपर्यंत सध्याचं भाडं सुटत नाही, हेही विसरू नका. बँकेने बिल्डरला दिलेल्या रकमेवरचं व्याज आणि घरभाडं, दोन्ही एकदमच भरावं लागतं. म्हणून महारेराच्या वेबसाइटवर प्रोजेक्टचा नंबर टाका आणि पूर्णत्वाची तारीख बघा. ती एकदा पुढे ढकललेली दिसली तर सावध व्हा. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही, हा कायदा आहे. किंमत कार्पेट एरियावरच विचारा. ‘सेलेबल’वर बोलणी नकोत.

‘टॅक्स वाचतो म्हणून घर घ्या’ हा काकांचा जुना सल्लाही तपासून बघा. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वजावट मिळत नाही.

आणि एक गोड बातमी! फ्लोटिंग दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर बँक दंड लावू शकत नाही. दरवर्षी बोनसमधून फक्त एक जादा हप्ता भरा. वरच्या हिशेबात २० वर्षांचं कर्ज तीन वर्षांहून जास्त आधी संपतं.

हे सगळं कागदावर जमलं? मग पुढच्या रविवारी बिनधास्त जा. तोवर ‘आजच्यापुरती’ ऑफर बहुधा तिथेच असेल!