खुर्चीत तुम्ही, समोर शिकाऊ डॉक्टर!

परीक्षा तोंडावर आणि रात्री अडीचला दाढ ठणकायला लागली, तर येडगाव धरणावरचा गार वाराही काही कामाचा नसतो. लवंग दाबून तुम्ही रात्र काढता. सकाळी नारायणगावला डॉक्टर सांगतात, ‘रूट कॅनल.’ खर्च ऐकून दुसरी कळ येते. मग कुणीतरी सुचवतं, ‘पुण्याला डेंटल कॉलेजात जा, कमीत होईल.’ एसटी पकडून पोचता, तर खुर्चीपाशी तुमच्याच वयाची मुलगी. ‘ही शिकतेय? माझ्या दाढेवर?’

टेन्शन येणारच. पण ती थेट तुमच्यापासून सुरुवात करत नाही. बीडीएस 4 वर्षांचं, वर 1 वर्ष इंटर्नशिप. पेशंटच्या आधी उपटलेल्या दातांवर सराव होतो.

तरीही काम नाजूकच. दाढेच्या मुळातली नळी बारीक, वाकडी. आत पहिल्यांदा घालायच्या फाइलचं टोक बऱ्याचदा 0.10 मिलिमीटरचं, म्हणजे केसाएवढं! जास्त जोर दिला तर फाइल आतच तुटते. वळण चुकलं तर नळीत पायरी पडते, कधी मुळाला भोकही. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, पण नळ्या बऱ्याचदा चार. चौथी राहून गेली, तर काही महिन्यांनी पुन्हा ठणका. नळी धुवायचं सोडियम हायपोक्लोराइट मुळाच्या टोकाबाहेर गेलं, तर भयंकर आग आणि सूज.

हे अनुभवी हातांकडूनही घडतं. फाइल तुटली म्हणजे दात गेलाच, असंही नाही. कधी तुकडा काढता येतो, कधी बाजूनं वाट काढतात, कधी तो तिथेच ठेवून नळी भरतात आणि पुढे लक्ष ठेवतात. पण त्यासाठी आधी कुणीतरी ‘तुटली’ असं म्हणायला हवं. लपवलेली चूक जास्त महागात पडते.

म्हणून खुर्चीत बसल्यावर बिनधास्त विचारा :

• प्रत्येक टप्पा सर किंवा मॅडम तपासणार ना?
• रबर डॅम लावणार का? त्यानं फाइल घशात जाण्याचा धोका टळतो.
• नळीची लांबी एक्स-रे किंवा अ‍ॅपेक्स लोकेटरनं मोजणार का?
• काही बिघडलं तर मला लगेच सांगाल? एक्स-रे दाखवाल?

आता तुमची जबाबदारी. शिकाऊ डॉक्टरला वेळ लागतो, खेपा वाढतात. ठणका थांबला म्हणून पुढची तारीख बुडवू नका. अर्धवट सोडलेली दाढ पुन्हा सडते. कॅप सांगितली असेल तर बसवा. सूज वाढली, ताप आला, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास झाला, तर तारखेची वाट न बघता तडक डॉक्टर गाठा.

आणि हे वाचणारे तुम्ही स्वतःच बीडीएसला असाल तर? फाइल तुटली की हात थांबवा, सरांना हाक मारा आणि पेशंटला खरं सांगा. ओरडा बसेल, मार्क जातील. पण समोरचा एसटीनं दोन-तीन तास धक्के खात तुमच्या भरवशावर आलाय.