हिमवादळात खिडकी उघडी का ठेवतात?

पावसाळ्यात एस.टी.ने घाट चढताना एक गोष्ट तुम्ही नक्की पाहिली असेल. पाऊस आत येतो म्हणून सगळे प्रवासी काचा लावून घेतात आणि दहा-पंधरा मिनिटांतच त्या काचांवर आतून धुके धरते. एखादा मुलगा त्यावर बोटाने आपले नाव काढतो. ड्रायव्हर फडक्याने पुढची काच पुसत राहतो. पाऊस बाहेर पडत असताना काच आतून का ओली होते? गाडीत दाटीने बसलेली माणसे श्वासावाटे वाफ सोडत असतात आणि पावसाने काच थंड झालेली असते, हे त्याचे कारण.

आता अशी कल्पना करा, की ही गाडी घाटात नाही, अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटा राज्यात उभी आहे. बाहेर उणे १५ अंश सेल्सियस तापमान आहे आणि हिमवादळ चालू आहे. आतल्या लोकांना पुढच्या थांब्यावर उतरायचे नाही, कारण ती गाडी हेच त्यांचे घर आहे.

अशी घरे अमेरिकेत लक्षावधी आहेत. त्यांना ‘रिक्रिएशनल व्हेइकल’ किंवा थोडक्यात ‘आरव्ही’ म्हणतात. काहींना स्वतःचे इंजिन असते, तर काही मोटारीमागे जोडून ओढायची असतात. आत पलंग, शेगडी, मोरी, पाण्याची टाकी, सर्व काही असते. मुळात ही उन्हाळी सहलीची वाहने. पण अनेक लोक, कोणी हौसेने तर कोणी घरभाडे परवडत नाही म्हणून, त्यांत बारा महिने राहतात. शक्य असेल ते थंडीच्या आधीच ॲरिझोनासारख्या उबदार राज्यांत निघून जातात, आणि वादळाला तोंड देण्याचा तोच सर्वांत शहाणा मार्ग आहे! पण ज्याची नोकरी उत्तरेत आहे, तो कुठे जाणार? २०१० च्या सुमारास नॉर्थ डाकोटात खडकातून तेल काढण्याचे काम एकाएकी वाढले. विलिस्टन या लहानशा गावी कामगारांची रीघ लागली, घरे अपुरी पडली, भाडी कडाडली आणि अनेकांनी असल्या वाहनांतच तिथले कडक हिवाळे काढले.

अशा लोकांना जाणकार एक सल्ला देतात: कितीही थंडी असो, छताचा झरोका आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. हा सल्ला मी दरवर्षी अकरावीच्या वर्गात सांगतो आणि तो बरोबर की चूक ते विचारतो. जवळजवळ सगळा वर्ग ‘चूक!’ म्हणून ओरडतो. तुमचेही उत्तर तेच असेल, तर आपण हिशेब मांडून पाहू.

आपले घर आतून ७ मीटर लांब, २·४ मीटर रुंद आणि २ मीटर उंच आहे असे धरा. त्याचे घनफळ सुमारे ३४ घनमीटर आणि सहाही बाजूंचे मिळून पृष्ठफळ सुमारे ७१ चौरस मीटर येते. दर घनमीटर हवेमागे दोन चौरस मीटरांहून अधिक भिंत! साध्या बैठ्या घरात हे प्रमाण याच्या निम्म्याच्या आसपास असते. उष्णता निसटते ती पृष्ठभागातून, त्यामुळे लहान घर लवकर निवते. मोठ्या पातेल्यातले दूध सावकाश आणि वाटीतले झटकन निवते, तोच हा प्रकार. शिवाय येथली भिंत म्हणजे पातळ पत्रा किंवा फायबरग्लास आणि मधे चार-पाच सेंटिमीटर जाडीचा उष्णतारोधक थर.

खिडक्यांसकट सरासरी काढून, दर चौरस मीटरमधून दर अंश फरकाला दीड वॅट उष्णता बाहेर जाते असे मानू. आत २० अंश, बाहेर उणे १५, म्हणजे फरक ३५ अंशांचा. तेव्हा ७१ × १·५ × ३५ = सुमारे ३,७०० वॅट. बाथरूममधले विजेचे दोन गीझर अखंड चालू ठेवावेत, जवळजवळ तितकी ही उष्णता आहे. चोवीस तासांत ती ३२ कोटी जूल होते. एक किलोग्रॅम प्रोपेन वायू जळला, की सुमारे ४·६ कोटी जूल मिळतात. त्यातला पाऊण भाग घरात येतो असे धरले, तर दिवसाला नऊ किलोहून अधिक वायू लागतो. आपल्याकडचा १४·२ किलोचा सिलिंडर एका कुटुंबाला महिनाभर पुरतो. हे लोक वादळात दीड दिवसात तेवढा जाळतात! मग त्यांना फटी बुजवून टाकाव्याशा वाटल्या तर नवल नाही. पण त्यांनी खरोखरच फटी बुजवल्या तर काय होते?

माणूस श्वास आणि त्वचा यांवाटे दिवसाला सुमारे एक लिटर पाणी हवेत सोडतो. दोन माणसांचे दोन लिटर झाले. स्वयंपाक आणि आंघोळ यांची वाफ तूर्त सोडून द्या. आता २० अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ सामावून घेऊ शकते. त्या हिशेबाने घरातली सगळी हवा संपृक्त झाली, तरी तिच्यात जेमतेम ५८० ग्रॅम पाणी राहील. दोन लिटर पाणी आणि अर्ध्या लिटरहून जरासे मोठे भांडे! उरलेले पाणी कुठे तरी जाणारच, आणि ते सर्वांत थंड जागा शोधते. हवा निम्मीच संपृक्त असली, तरी तिचा दवबिंदू ९ अंशांच्या आसपास असतो. काचेचा आणि धातूच्या चौकटीचा आतला पृष्ठभाग त्याहून पुष्कळच थंड असतो. काच घामेजते, मग तिच्यावर बर्फाची साय धरते. भिंतीतल्या स्क्रूंची डोकी पांढरी होतात, कारण धातूचा स्क्रू बाहेरची थंडी थेट आत आणतो. काच दिसते तरी. पण कपाटामागे, गादीखाली जिथे ऊब पोचत नाही, तिथे पाणी मुकाट्याने साचते. आठवड्याभरात गादी खालून ओली, महिन्याभरात बुरशी. उष्णतारोधक थर भिजला, की त्यातली अडकलेली हवा जाऊन तिथे पाणी येते आणि भिंत आणखी थंड होते.

आता खिडकी बोटभर उघडा. बाहेर बर्फ पडत आहे, म्हणून बाहेरची हवा दमट असेल असे वाटते. येथेच सगळे फसतात. उणे १५ अंशांना एक घनमीटर हवेत वाफ मावतेच मुळी सुमारे १·४ ग्रॅम. ही हवा आत येऊन तापली, की अतिशय कोरडी ठरते. आतल्या निम्म्या संपृक्त हवेत दर घनमीटरला साडेआठ ग्रॅमांच्या वर वाफ आहे. म्हणजे एक घनमीटर हवा बाहेर जाऊन दुसरी आत आली, की सात ग्रॅमांहून थोडे अधिक पाणी बाहेर गेले. दोन लिटर पाणी घालवायला दिवसाला २७५ घनमीटर हवा बदलावी लागेल; तासाला साडेअकरा घनमीटर, बस्स.

ती हवा तापवायला काय पडते? एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १·२ किलो, विशिष्ट उष्मा दर किलोला दर अंशाला १,००० जूल, फरक ३५ अंश. गुणाकार तुम्हीच करा. उत्तर सव्वा कोटी जूलांच्या आत येते. वायूच्या भाषेत तिसरा हिस्सा किलो. बत्तीस कोटींत सव्वा कोटी! शंभरातले चारसुद्धा भाग नाहीत. उष्णता खरी पळते ती भिंतींतून, आणि वाऱ्याचा झोत लागणाऱ्या जमिनीतून. म्हणूनच अनुभवी लोक चाकांभोवती जमिनीपर्यंत फळ्यांचे कुंपण करतात आणि त्याला बाहेरून बर्फ थापतात. भुसभुशीत बर्फात हवा अडकलेली असते, त्यामुळे तो गोधडीसारखे काम करतो.

वाफेमुळे गादी कुजते. दुसऱ्या एका गोष्टीने माणूस मरतो. भट्टी पुरी पडेना, की काही जण स्वयंपाकाची शेगडी पेटवून ठेवतात. भट्टीचा धूर भिंतीतल्या नळीवाटे बाहेर जातो, शेगडीचा मात्र घरातच राहतो. प्रोपेनच्या ४४ ग्रॅमांपासून ७२ ग्रॅम पाणी बनते. म्हणजे एक किलो वायू जाळला, की सोळाशे ग्रॅमांहून अधिक पाणी आपण होऊन हवेत ओतले! त्याच एका किलोला साडेतीन किलोंहून अधिक प्राणवायू लागतो आणि आपल्या ३४ घनमीटरांत तो सगळा मिळून साडेनऊ किलोच आहे. प्राणवायू कमी पडू लागला, की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते. दिवसभराच्या थंडीचा शीण असेल असे वाटते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास राज्यात थंडीच्या लाटेत वीज गेली, तेव्हा घरात जनित्र किंवा कोळशाची शेगडी लावल्याने अनेकांना ही विषबाधा झाली आणि काही दगावले. आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने होणाऱ्या मृत्यूंच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तिथेही हाच वायू असतो.

भट्टीची नळीसुद्धा बर्फाने बुजू शकते. त्यामुळे भर वादळात, कमरेला दोर बांधून का होईना, बाहेर जाऊन तिचे तोंड मोकळे करावे लागते. वायूचा शोधक घंटा वाजवतो, पण त्याची बॅटरी जिवंत हवी. बॅटरीवरून आठवले: भट्टीचा पंखा बॅटरीवरच चालतो. सिलिंडर भरलेला असूनही बॅटरी उतरली, की ऊब बंद. शिसे-आम्लाच्या भरलेल्या बॅटरीतला द्राव उणे ६० अंशांनाही गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीतला मात्र उणे ८-१० अंशांनाच गोठतो आणि डबा फोडतो. सिलिंडरही तिथे प्रोपेनचाच हवा. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, तर ब्यूटेन शून्याच्या किंचित खाली. ब्यूटेनचा सिलिंडर उणे १५ अंशांत नुसता हलवून पाहा. आत द्रव डुचमळेल, पण शेगडी पेटणार नाही.

राहता राहिला वारा. ताशी ९० किलोमीटरचा वारा या घराच्या लांब बाजूवर सुमारे एक टन वजनाइतका रेटा देतो. वेग १·४ पट झाला, की रेटा दुप्पट होतो. तीन टनांचे घर तेवढ्यावर उलटण्याच्या बेतात येते. घराचे तोंड वाऱ्याकडे केले, तर समोर येणारे क्षेत्रफळ तिसरा हिस्साच उरते. हे मात्र वादळ येण्यापूर्वी करावे लागते.

दवबिंदू तुम्हाला वर्गातच मोजता येईल. स्टीलच्या पेल्यात अर्धे पाणी घ्या, त्यात तापमापी ठेवा आणि बर्फाचे बारीक तुकडे एकेक टाकत ढवळा. पेला बाहेरून अंधूक झाला त्या क्षणीचे तापमान टिपून ठेवा. मग खिडक्या-दारे लावून चाळीस मुलांचा एक तास होऊ द्या आणि प्रयोग पुन्हा करा. दुसरा आकडा किती अंशांनी वाढला?