माळावरचें गवत आणि घरांतला माग

घराच्या भिंती सजविण्याची हौस आपल्या कुटुंबांस नवी नाहीं. नागपंचमीस गंधानें नाग रेखाटावेत, श्रावणांत जिवतीचा कागद लावावा, दसऱ्यास दारावर आंब्याच्या डहाळ्यांचें व झेंडूचें तोरण चढवावें, हे प्रघात आपल्या आज्या-पणज्यांनीं निष्ठेनें पाळले. या शोभेंत एक मोठा गुण होता. ती ऋतूबरोबर येई आणि ऋतूबरोबरच उतरे. अलीकडे मात्र आपल्या दिवाणखान्यांत प्लॅस्टिकचीं फुलें बारमहा फुललेलीं असतात. त्यांवर धूळ बसते, पण तीं कोमेजत नाहींत. म्हणून या अंकीं आम्ही वाचकांपुढें एक निराळा उद्योग ठेवीत आहों. झाडाच्या पडलेल्या फांदीचा लहानसा माग करावा, त्यावर सुताचा ताणा चढवावा, आणि त्या त्या ऋतूंत रानांत जें गवत, जीं काडी-फुलें मिळतील त्यांचा बाणा घालून भिंतीवर लावण्याजोगें विणकाम करावें. खर्च जवळजवळ कांहींच नाहीं. लागतो तो वेळ आणि लक्ष.

हा उद्योग आम्हीं भिंगार येथें करून पाहिला. भिंगार हें नगर शहरास पूर्वेकडून लागून असलेलें जुनें गांव. १७०७ सालीं औरंगजेबाचा अंत येथेंच झाला, आणि पुढें इंग्रजी अमदानींत येथें लष्कराची छावणी वसली. एवढें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु या परिसराची खरी ओळख पुष्कळ काळ मागाच्या खटखटाटानें होत असे. नगर, भिंगार, संगमनेर या बाजूस साळी, कोष्टी व पद्मसाळी मंडळी लुगडीं विणीत. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनीं नगर येथें सुधारलेला हातमाग तयार केला, तो याच वातावरणांत. पुढें गिरण्या आल्या, यंत्रमाग आले, आणि हातमागाचा आवाज हळूहळू मंदावला.

२०२४ सालीं जिल्ह्यास अहिल्यादेवींचें नांव मिळालें. त्यांचा जन्म याच जिल्ह्यांतील चौंडी येथें १७२५ सालीं झाला. त्यांनीं महेश्वर येथें विणकरांस आश्रय दिला, आणि तेथील किल्ल्याच्या व घाटाच्या भिंतींवरील नक्षी महेश्वरी लुगड्यांच्या कांठांवर उतरली, असें परंपरेनें सांगतात. तेथें भिंतीवरचें वस्त्रावर गेलें. आम्हीं येथें विणलेलें भिंतीवर नेलें, इतकाच काय तो फरक.

कोणी म्हणेल, ब्राह्मण घरांतील बायामुलांस विणकामाशीं काय कर्तव्य? त्यांस आम्ही पत्रावळीची आठवण देऊं. चातुर्मासांत पळसाच्या पानावर जेवण्याचा नेम घरोघर असे, आणि माजघरांत बसून बारीक काड्यांनीं पानास पान टांचण्यांत आपल्या आज्यांचा हात कोणी धरीत नसे. पानाची शीर कोणत्या बाजूस ठेवावी, ओलें पान किती मुरवावें, काडी कोठें मोडावी, हें सारें ज्ञान त्यांच्या बोटांत होतें. तसेंच पत्रीचें. हरितालिकेस, मंगळागौरीस, गणपतीस नाना तऱ्हेचीं पानें लागत आणि तीं ओळखून आणावीं लागत. आज पत्रीचा जुडगा बाजारांत विकत मिळतो. त्यांत काय आहे व काय नाहीं, हें घेणारास कळत नाहीं, आणि कित्येकदां विकणारासही कळत नाहीं. वनस्पतींचीं नांवें घरांतून चाललीं आहेत, ही आमच्या मतें माग बंद पडण्याइतकीच मोठी हानि आहे.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. मागासाठीं बेचक्याच्या आकाराची फांदी उत्तम. बोर, बाभूळ, निंब यांपैकीं कोणतीही चालेल. बाभळीचे व बोरीचे कांटे मात्र आधीं नीट तासून काढावेत. हिरव्या झाडाची फांदी तोडूं नये. वळवाच्या वादळानंतर किंवा छाटणीच्या वेळीं हवी तितकी मिळते. ती सावलींत दोन-तीन आठवडे वाळवावी. ओली फांदी वाळतां वाळतां आंत ओढली जाते आणि ताणलेलें सूत सैल पडतें. आमचा पहिला माग याच उतावळेपणानें वायां गेला. बेचकें न मिळाल्यास चार सरळ काठ्या कोपऱ्यांवर सुतळीनें घट्ट बांधून चौकट करावी.

फांदीच्या दोन्ही भुजांवर अर्ध्या अर्ध्या इंचावर चाकूनें लहान खांचा पाडाव्या. हें काम मोठ्या माणसानेंच करावें. मग जाड सुती दोरा एका खांचेंतून समोरच्या खांचेंत, तेथून परत पुढील खांचेंत, असा नेत जावा. हा झाला ताणा. तो तंबोऱ्याच्या तारेइतका नको, पण बोटानें दाबला असतां लगेच परत येईल इतका ताठ हवा. त्यांत गवताची काडी एका दोऱ्याच्या वरून, दुसऱ्याच्या खालून अशी घालावी. पुढील ओळींत क्रम उलटा करावा. दर दोन-तीन ओळींनंतर जुन्या लांकडी फणीनें बाणा ठोकून बसवावा. नवशिक्याची नेहमींची चूक ही कीं, कडेला काडी वळवितांना तो ती ओढून घेतो, आणि चार बोटें विणून होतात न होतात तोंच विणकामाची कंबर आंवळल्यासारखी होते. कडेला नेहमीं थोडी सैल कमान ठेवावी.

गवत अगदीं हिरवें विणूं नये. वाळल्यावर तें आकसतें आणि मध्यें फटी पडतात. जुड्या करून त्या उलट्या टांगून सावलींत सुकवाव्या, आणि विणण्यापूर्वीं ओल्या फडक्यांत घटकाभर गुंडाळून ठेवाव्या, म्हणजे काडी मोडत नाहीं. एकाच ओळींत दोन रंगांचीं गवतें घालावयाचीं असल्यास जेथें तीं भेटतात तेथें एकमेकांत अडकवून मागें फिरवावीं. पैठणीच्या पदरावरील मोर व वेल याच तत्त्वानें विणले जातात: प्रत्येक रंगाची कांडी निराळी, आणि ती आपल्या जागेपुरतीच पुढें-मागें फिरते.

कोणत्या ऋतूंत काय मिळतें हें पाहण्यांत या उद्योगाची खरी गोडी आहे. नगरचा प्रदेश कमी पावसाचा; माळ वर्षांतून थोडेच महिने हिरवा असतो. श्रावण-भाद्रपदांत मारवेल, पवन्या, लव्हाळा हीं गवतें आणि बांधावरचा आघाडा. तेरडाही याच दिवसांतला, पण त्याचा रंग तीन दिवस ही म्हण विणकामासही लागू पडते. तो घेऊं नये. त्याउलट कुर्डूचीं गुलाबी-पांढरीं कणसें वाळलीं तरी महिनोन्‌महिने रंग धरून राहतात. आश्विन-कार्तिकांत कुसळी तांबूस-सोनेरी होते आणि तरवड पिवळा फुलतो. माघ-फाल्गुनांत रब्बीची ज्वारी निघते. धाटाची सोललेली साल उत्तम बाण्याचें काम देते. चैत्र-वैशाखांत कांहींच नाहीं असें वाटतें, परंतु शिरीषाच्या खुळखुळणाऱ्या शेंगा, बहाव्याच्या काळ्या नळ्या आणि सांवरीचा कापूस याच दिवसांत मिळतो. बारा महिन्यांचे असे सहा लहान तुकडे विणून एका ओळींत लावले, तर भिंतीवर षड्‌ऋतूंचें पंचांगच तयार होतें.

कांहीं इशारे देणें अवश्य आहे. गाजर गवतास मुलांनीं हात लावूं नये. १९५५ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम आढळलेलें हें परकें तण आतां सर्वत्र पसरलें असून त्यानें अंगास खाज व पुरळ येतें. रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक आहे. धोतरा व कण्हेर विषारी आहेत, तीं टाळावींत. कुसळीचें पिकलेलें कुसळ ओलाव्यानें उलगडत फिरतें व कपड्यांतून थेट कातडींत शिरतें. म्हणून तुरे रानांतच झटकून केवळ काड्या घरीं आणाव्या. भिंगारच्या आसपासची पुष्कळशी जमीन लष्कराची आहे. तेथें परवानगीवांचून शिरूं नये. तयार झालेलें विणकाम ओलसर भिंतीवर लावूं नये, पावसाळ्यांत त्यावर बुरशी चढते. अधूनमधून ऊन द्यावें आणि मागें कडुनिंबाचा पाला खोंचावा.

गेल्या आश्विनांत आम्ही घरचीं मुलें व वडीलधाऱ्या आत्याबाई यांसह भिंगारपलीकडील माळावर गेलों होतों. मुलांस आघाडा आणि कुर्डू यांतील भेदही ठाऊक नव्हता. आत्याबाई एकेक काडी उचलून नांव सांगत होत्या. आमचे विळे चालूं झाले तोंच शेळ्या घेऊन एक वृद्ध धनगर तेथें आला. थोडा वेळ पाहून तो म्हणाला, "जनावराच्या तोंडचा घास भितीला कशापायी लावताय?"

आम्हांस उत्तर सुचेना. ज्या जिल्ह्यानें १९७२ चा दुष्काळ पाहिला, ज्यांत २०१२-१३ सालीं गुरांस चारा-छावण्यांत न्यावें लागलें, तेथें गवत ही शोभेची वस्तु नव्हे. आत्याबाईच पुढें होऊन म्हणाल्या, "खरं आहे, बाबा. मग आम्ही कोणतं घ्यावं, तें तुम्हीच सांगा."

म्हातारा खालीं बसला. "ही मारवेल ऱ्हाऊ द्या, ती दुभत्याची. ही कुसळी पिकली आता, शेळी तिला तोंड लावत न्हाय. ही न्या. पर उपटू नगा, इळ्यानं कापा; अन् निम्मी तशीच ऱ्हाऊ द्या, बी पडंल."

आमच्या या लेखांतील सर्वांत मोलाचा नियम हाच, आणि तो कोणत्याही पुस्तकांतून घेतलेला नाहीं. चाऱ्याचें गवत घेऊं नये, मूळ उपटूं नये, निम्मे बीं धरलेले तुरे जागींच सोडावे. माळ म्हणजे पडीक जमीन असें आपण सहज म्हणतों. पण याच जिल्ह्यांत कर्जत तालुक्यांतील रेहेकुरी येथें काळविटांसाठीं अभयारण्य आहे, आणि माळढोकासारखा दुर्मिळ पक्षीही अशाच गवतावर जगत आला आहे. आपल्या भिंतीच्या शोभेपायीं त्यांचें घर उघडें पडतां कामा नये.

गवताचें विणकाम म्हणजे पोरखेळ, असें मात्र कोणी समजूं नये. जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेंत शिकलेल्या ॲनी आल्बर्स यांच्या विणकामाचें प्रदर्शन न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें १९४९ सालीं भरविलें. त्या बाई पेरू देशांतील प्राचीन विणकरांस आपले गुरु मानीत, आणि ते विणकर माग म्हणून कांहीं काठ्या व कमरेचा पट्टा एवढेंच वापरीत. आपल्या मुंबईंतही नेली सेठना व मोनिका कोरिया यांनीं भिंतीवरील विणकामास कलेचें स्थान मिळवून दिलें. साधन साधें असलें म्हणून काम हलकें ठरत नाहीं.

आणि आतां शेवटची गोष्ट. त्या दिवशीं आणलेल्या कुसळीचा बाणा घालून आम्हीं सायंकाळीं विणावयास बसलों. मुलें आळीपाळीनें काड्या देत होतीं, कोणी फणी मारीत होतें. तीन तासांनीं मोजून पाहिलें, तों एक वीत काम झालें होतें, रुंदीही वीतभरच. धाकट्या मुलीनें सहज विचारलें, "आत्याआजी, तुझ्या लुगड्यांत अशा किती वीती असतील?" हिशेब सोपा होता. नऊ वारांत छत्तीस वीती, आणि रुंदी आमच्या कामाच्या पांचपट. शिवाय आमचे दोरे अर्ध्या अर्ध्या इंचावर, तर लुगड्यांत एका इंचांतच कितीतरी तार.

आत्याबाई कांहीं वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या लग्नाआधीं आमच्या दारावर एक साळी लुगडीं घेऊन येत असे. आई दोन रुपयांसाठीं त्याला तासभर उभा करी, आणि मी दाराआड बसून हसत असें. त्या माणसानं एकदांही सांगितलं नाहीं कीं याला किती दिवस लागतात. आम्हींही विचारलं नाहीं."

तो तुकडा आज आमच्या भिंतीवर आहे. त्याची एक कड आंत ओढलेली आहे, दोन ठिकाणीं काड्या निसटल्या आहेत, आणि येत्या पावसाळ्यानंतर तो उतरवावा लागेल. त्याची जागा नव्या गवताचा तुकडा घेईल. परंतु तो लागल्यापासून घरांत हातमागाचें लुगडें घेण्याची वेळ आली म्हणजे किंमत ऐकून कोणी घासाघीस करीत नाहीं. आत्याबाई भिंतीकडे एकवार पाहतात आणि पैसे मोजतात.