नकाशा मंजूर झाला. परवानगी पुरी झाली का?

गुढीपाडवा किंवा अक्षय्य तृतीया जवळ आली की शहरांच्या कडेला वाढणाऱ्या वस्त्यांमध्ये भूमिपूजनं सुरू होतात. नारळ फुटतो, चुना टाकून आखणी होते, मिस्त्री पाया खणायला घेतो. परवानगीचं विचारलं तर उत्तर येतं, ‘फाइल टाकलीय, येईल.’ महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये हजारो कुटुंबांची अडचण या एका वाक्यापासून सुरू झालेली आहे. फाइल दाखल करणं आणि परवानगी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगी मिळाल्यावरही काम निम्मंच झालेलं असतं, हे तर फारच थोड्यांना माहीत असतं.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 हा या विषयाचा मूळ कायदा. त्याच्या कलम 44 नुसार बांधकामापूर्वी नियोजन प्राधिकरणाकडे, म्हणजे बहुतेक शहरांत महापालिकेकडे किंवा नगरपरिषदेकडे, अर्ज करावा लागतो. काय, किती आणि कसं बांधता येईल हे 2020 च्या डिसेंबरमध्ये लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली सांगते. त्याआधी प्रत्येक शहराचे नियम निराळे होते. आता पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, नागपूर अशा शहरांना ही एकच नियमावली आहे. मुंबईचे नियम मात्र स्वतंत्र आहेत.

अर्जापूर्वीची तयारी

बहुतेक फाइली अडतात त्या जागेच्या कागदांवर. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, भूमी अभिलेख खात्याचा मोजणी नकाशा, विकास आराखड्यात जागा कोणत्या विभागात येते ते सांगणारा झोन दाखला, जागा लेआउटमधली असेल तर मंजूर लेआउटची प्रत, आणि बिगरशेतीबाबतची कागदपत्रं ही पहिली जुळवाजुळव. सातबाऱ्यावर भावाबहिणींची नावं असतील तर त्यांची संमती हवी. जागेवरचं कुंपण आणि मोजणीतली हद्द जुळत नसेल तर तो वाद आधी मिटवावा लागतो. जागा घेण्याआधीच झोन दाखला काढला तर आयुष्यभराची पुंजी वाचते. प्लॉटवर शाळेचं, बागेचं किंवा रस्त्याचं आरक्षण आहे हे खरेदीखतानंतर कळून उपयोग नसतो.

नदीकाठच्या शहरांत आणखी एक गोष्ट पाहायची, ती पूररेषा. 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची रेषा निळी, 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर उंच ठेवावं लागतं. 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्या कोल्हापूर-सांगलीच्या वाचकांना ही अट कशासाठी आहे हे समजावून सांगावं लागणार नाही.

कागद जुळले की आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंता नकाशा करतो आणि प्रस्ताव ऑनलाइन दाखल होतो. छाननीत मुख्यतः चार गोष्टी पाहिल्या जातात: समोरचा रस्ता किती रुंद आहे, चारी बाजूंना सामासिक अंतर किती सोडलं आहे, एकूण बांधकाम चटई क्षेत्र निर्देशांकात (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात किती बांधता येईल त्या मर्यादेत) बसतं का, आणि गाड्या उभ्या करायला जागा आहे का. इमारत उंच असेल तर अग्निशमन विभागाची ना-हरकतही लागते. सामासिक अंतर म्हणजे वाया गेलेली जागा असं अनेक घरमालकांना वाटतं. शेजाऱ्याच्या खिडकीला उजेड, दोन्ही घरांना वारा आणि आग लागली तर माणसांना बाहेर पडायला वाट मिळते, ती याच मोकळ्या पट्ट्यातून.

पैसे आणि मुदती

छाननी शुल्क आणि विकास शुल्क भरावं लागतं. मूळ निर्देशांकापेक्षा जास्त बांधायचं असेल तर अधिमूल्य द्यावं लागतं. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी खर्चाच्या 1 टक्का उपकर असतो. स्वतःच्या राहत्या घराचा बांधकाम खर्च ठरावीक मर्यादेत असेल तर हा उपकर लागत नाही. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. पावतीशिवाय मागितलेला पैसा शुल्क नसतो, आणि तो द्यायची गरजही नसते.

लहान प्लॉटधारकांसाठी 2020 च्या नियमावलीने मोठी सोय केली. 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नेहमीची लांबलचक प्रक्रिया ठेवलेली नाही. मालकीचे कागद आणि नियमात बसणारा नकाशा दाखल करून शुल्क भरलं की त्याची पोचच परवानगी धरली जाते. 150 ते 300 चौरस मीटरच्या भूखंडांसाठी आर्किटेक्टच्या दाखल्यावर 10 दिवसांत परवानगी द्यायची तरतूद आहे. ‘आता परवानगीच लागत नाही’ असा याचा अर्थ अनेकांनी लावला. तो चुकीचा आहे. सवलत प्रक्रियेत मिळाली, नियमांत नाही. सामासिक अंतर, उंची आणि निर्देशांक लहान घरालाही पाळावेच लागतात.

मोठ्या प्रस्तावांसाठी कायद्याच्या कलम 45 मध्ये 60 दिवसांची मुदत आहे. तेवढ्या काळात प्राधिकरणाने निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. मात्र प्रस्ताव नियमांत काटेकोर बसत असेल तरच. शिवाय विभागाने त्रुटी कळवल्या असतील तर त्यांची पूर्तता केल्यापासून दिवस मोजले जातात. अर्ज नाकारला गेला तर कलम 47 नुसार 40 दिवसांत अपील करता येतं. म्हणून नकार तोंडी ऐकून परत फिरू नये. कारणांसह लेखी घ्यावा.

खरी परीक्षा मंजुरीनंतर

प्रस्ताव मंजूर झाला की बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळतं. ते एक वर्ष चालतं आणि अर्ज करून वर्षावर्षाने आणखी तीन वर्षांपर्यंत वाढवता येतं. या मुदतीत काम निदान जोत्यापर्यंत आलं नाही तर परवानगी नव्याने घ्यावी लागते. जोतं बांधून झालं की जोते तपासणी करून घ्यायची. घर हद्दीत आहे की चार फूट सरकलं आहे, हे याच वेळी कळतं. भिंती उभ्या राहिल्यावर दुरुस्ती होत नाही, पाडापाडी होते.

शेवटचा कागद भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झालं आणि त्यात राहायला हरकत नाही असा दाखला. सर्वांत जास्त घरं अडकतात ती इथे. घर बांधून होतं, वास्तुशांत होते, माणसं राहायला येतात आणि फाइल कपाटात जाते. दरम्यान मिस्त्रीच्या सल्ल्याने गच्चीवर एक खोली चढलेली असते, पार्किंगच्या जागी दुकान निघालेलं असतं, बाल्कनी हॉलमध्ये गेलेली असते. मंजूर नकाशा एक आणि प्रत्यक्ष घर दुसरं, मग भोगवटा मिळणार कसा? घर विकताना, कर्ज काढताना, वारसांच्या वाटण्या करताना ती उणीव पुढे येते. बदल करायचाच असेल तर काम चालू असतानाच सुधारित नकाशा मंजूर करून घेणं, हा सरळ मार्ग आहे. रंग, गिलावा, फरशी बदलणं अशा साध्या दुरुस्त्यांना परवानगी लागत नाही. खोली वाढवायला लागते.

‘आम्ही घरपट्टी भरतो, म्हणजे घर अधिकृतच’ हा आणखी एक पक्का गैरसमज. घरपट्टी हा मालमत्तेवरचा कर आहे. तिने बांधकाम कायदेशीर होत नाही. पिंपरी-चिंचवडकरांनी अनधिकृत बांधकामांवरच्या दंडाच्या, म्हणजे शास्तीकराच्या रूपाने ही गोष्ट वर्षानुवर्षे सोसली आहे. परवानगीशिवाय बांधणं हा कलम 52 नुसार गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. बांधकाम पाडण्याची नोटीस येते ती कलम 53 खाली.

4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बेकायदा उभी राहिलेली इमारत कोसळली आणि 74 माणसं गेली. कल्याण-डोंबिवलीत तर प्रारंभ प्रमाणपत्रंच बनावट निघाली आणि त्यांच्या आधारे महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणीही मिळवलेली होती. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा 65 इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्यांत कर्ज काढून घर घेतलेली साधी कुटुंबं राहत होती. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले: मंजूर नकाशा बांधकामाच्या जागी लावलेला असावा, आणि वीज-पाण्याची जोडणी भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच द्यावी.

महापालिकांचीही जबाबदारी मोठी आहे. कारण न सांगता पडून राहणारी प्रत्येक फाइल एका माणसाला आडवाटेला ढकलते. त्रुटी दहा वेळा दहा न काढता एकदाच सगळ्या कळवल्या, मुदती पाळल्या आणि जोत्याची तपासणी वेळेवर केली, तर अनधिकृत बांधकामं पाडायला लागणारा पोलीस बंदोबस्त पुष्कळ कमी होईल.

घर बांधणाऱ्यांनो, प्रारंभ, जोते तपासणी आणि भोगवटा या तिन्ही कागदांचं काम आर्किटेक्टशी लेखी ठरवून घ्या आणि भोगवटा हातात आल्यावरच त्यांचा शेवटचा हप्ता द्या. फ्लॅट घेणाऱ्यांनो, परवानगीचा क्रमांक महापालिकेत स्वतः जाऊन पडताळा, बिल्डरने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. आणि ज्यांच्या घराचा भोगवटा राहून गेला आहे, त्यांनी या आठवड्यातच आपली फाइल काढून पाहावी. किरकोळ फरक असेल तर रीतसर शुल्क भरून तो आज नियमित होऊ शकतो. हे काम मुलांच्या माथी ठेवू नका.